आगळ, मागची पडवी आणि ‘माडाचं?’

प्रिय ताई,

गुहागर तालुक्यात हेदवीपासून जवळच आमचं गाव. मिस्टर एस.टी.त आहेत, मुलं शाळेत, दीर-जाऊ डोंबिवलीला, सासूबाई आमच्याकडे. घराला लागून दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, न्याहारी-जेवण मी बघते. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार झाडं आहेत. दरवर्षी आगळ, म्हणजे त्याचा मीठ घातलेला रस, करते. पाहुणे मागून नेतात, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देते.

मला दिवसभर काही ना काही सुचत असतं. मासे साफ करताना, चादरी वाळत घालताना, फेरीबोटीत. विसरू नये म्हणून लिहून ठेवते. काही फोनमध्ये, काही व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, काही कालनिर्णयवर, काही किराण्याच्या बिलामागे. पुण्याच्या भाच्याने एक अ‍ॅप टाकून दिलंय, त्यातही आहे. परवा पाऊस होता, पाहुणे नव्हते, म्हणून सगळं गोळा केलं. ‘आगळ – बाटल्या – लेबल’, ‘मागची पडवी!!’, ‘पाहुण्यांना खाडी’, ‘खोलीतले दिवे’, ‘माडाचं?’ असं बरंच निघालं. शेवटचं म्हणजे काय ते मलाच आठवेना. दोन वर्षांत यातलं एकही झालेलं नाही. मिस्टर म्हणतात, तुझ्या कल्पना आणि आपले रातांबे सारखेच, ढिगाने पडतात आणि पावसात कुजतात. रात्री मात्र हेच सगळं डोक्यात फिरतं, झोप लागत नाही.

भाचा म्हणतो, अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भर, मग सगळं नीट लागेल. भरू का? की माझ्यातच काही कमी आहे?

(नाव छापू नका.)

*

ताई, आधी शेवटचा प्रश्न. तुमच्यात काही कमी नाही. मिस्टरांच्या ड्युटीप्रमाणे बदलणारा डबा, मुलांची शाळा, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि दोन खोल्यांचे पाहुणे हे सगळं तुम्ही रोज वेळेत उरकता. उरकतं, कारण ते ठरलेलं असतं. ‘उद्या साडेआठला चार माणसांना घावणे’ यात कोणाला, काय, केव्हा सगळं आलं. ‘मागची पडवी!!’ यात दोन उद्गारचिन्हं आहेत, पण करण्यासारखं काहीच नाही.

तुम्ही लिहून ठेवता, इथपर्यंत उत्तम. पुष्कळ लोक तेही करत नाहीत. पण सुचणं आणि करणं यांच्यामध्ये एक वेगळं काम असतं, ते आपण कोणीच काम म्हणून मोजत नाही. लिहिलेलं घेऊन शांतपणे बसायचं आणि एकेका चिठ्ठीला विचारायचं, तुझं नेमकं काय करायचं? डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकन सल्लागारांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा कणा हाच आहे. सुचलेलं टिपायचं, मग त्याचा अर्थ लावायचा, मग योग्य जागी ठेवायचं, ठरल्या दिवशी सगळं पुन्हा बघायचं, आणि मग करायचं. तुम्ही टिपण्यावरून थेट करण्यावर उडी मारायला बघता, म्हणून सगळी घोंगडी भिजत पडलीत.

झोपेचंही कारण तिथेच आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या डोक्यात घुसून दुसऱ्या कामात लुडबूड करतं, हे त्यांत दिसलंच. पण ते काम पूर्ण न करता, ते कधी आणि कसं करायचं एवढं जरी नेमकं ठरवलं, तरी ती लुडबूड थांबते असंही दिसलं. तुमच्या पडवीला रात्री तीन वाजता उठवायला येण्याची गरज राहणार नाही, एकदा तिची तारीख लागली की.

तर आपण तुमच्या पाच चिठ्ठ्याच घेऊन बसू.

सगळ्यात आधी ‘माडाचं?’. खोडून टाका. आठवत नाही म्हणजे गेलं. खरंच कामाचं असेल तर परत सुचेल. माड कुठे पळून जात नाहीत. चिठ्ठी फाडायला जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सुचलेली प्रत्येक गोष्ट करायचीच असते असं कुठे आहे? माझा अंदाज, तुमच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या अशाच निघतील. त्या फाडल्या म्हणजे हरलो असं मानू नका.

‘खोलीतले दिवे’. ही कल्पना नव्हे, हा वायरमनला एक फोन आहे. दोन मिनिटांत होणारं काम यादीत चढवू नये, तिथल्या तिथे उरकावं, असा एक नियम अ‍ॅलन यांच्या पद्धतीत सांगतात. घर सांभाळणाऱ्या बाईने हा नियम जपून वापरावा. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळी दोन-दोन मिनिटांचीच कामं असतात. ती दिसली तशी करत गेलं तर त्यांतच दिवस संपतो आणि हाताला काही लागत नाही. हा नियम चिठ्ठ्या घेऊन बसाल तेवढ्या वेळापुरताच पाळा. वायरमनचं वेगळंच. तो ‘येतो’ म्हणेल, आणि आपल्याकडचं ‘येतो’ आपल्याला माहीत आहे. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर ‘वाट बघतेय’ असं लिहा आणि खाली मांडा: वायरमन, दोन्ही खोल्यांतले दिवे, अमुक तारखेला बोलले. आठवडा झाला की तारीख बघून परत फोन. सारखं मनात धरून ठेवायचं नाही, आणि फोन करताना ‘कधीपासून सांगतेय’ असं मोघम बोलायचीही वेळ येत नाही. तारीख सांगितली की समोरचा माणूस जरा वरमतो, हा माझा अनुभव.

‘पाहुण्यांना खाडी’. म्हणजे पाहुण्यांना होडीतून खाडी फिरवून आणायची, असं धरते. कल्पना चांगली आहे. हेदवीचा दशभुजा गणेश आणि बामणघळ बघून झाली की दुसऱ्या दिवशी काय, हा प्रश्न तुमच्याकडे राहणाऱ्यांना पडतच असणार. पण या कामातली पहिली हालचाल होडीची नाही, चौकशीची आहे. प्रवासी घेऊन होडी चालवायची तर मेरिटाइम बोर्डाचा परवाना लागतो, होडीत लाइफ जॅकेट लागतात. तुमच्या ओळखीच्या होडीवाल्याकडे हे आहे का? नसेल तर दुसऱ्या कोणाकडे आहे? तेव्हा चिठ्ठीवर लिहा, ‘होडीवाल्याला परवान्याचं विचारणे’. एवढंच. दर किती, वेळ कोणती, पाहुण्यांना किती सांगायचे, हे सगळं त्याचं उत्तर आल्यावर. परवाना नाही म्हणाला तर ही चिठ्ठी तिथेच बंद करा. पाहुण्याला आपल्या शब्दावर होडीत बसवायचं म्हणजे जबाबदारी आपली.

आता ‘मागची पडवी!!’. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हिला तिसरी खोली करायचं तुमच्या मनात असणार. दोन वर्षं ती अडली आहे ती तुमच्या आळसाने नव्हे. दीर डोंबिवलीला आहेत आणि घर बहुधा सामायिक आहे. आपल्याकडे सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर किती नावं असतात ते काय सांगायचं! अशा कल्पना एकटीने वहीत कितीही सजवल्या तरी हलत नाहीत, कारण पहिली हालचाल दुसऱ्या माणसाच्या हातात असते. तर हिचे तुकडे करा. पहिला तुकडा, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा काढणे. नावं कोणाकोणाची आहेत ते कागदावर बघितल्याशिवाय घरात विषय काढू नका. दुसरा तुकडा, मिस्टरांशी बोलणे, आणि तेही दीर यायच्या आधी. तिसरा तुकडा मिस्टरांचा, भावाशी बोलणे. गणपतीला दीर-जाऊ येतीलच. मूर्ती यायच्या गडबडीत नको, आरतीनंतर दहा माणसांत तर नकोच. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की घर जरा मोकळं होतं, तेव्हा दोघे भाऊ अंगणात बसले असताना. होकार आला तरी पावसात चिरा आणून टाकण्यात अर्थ नाही, बांधकाम दिवाळीनंतरच. म्हणजे या घटकेला पडवीचं तुमच्याकडे एकच काम आहे, उतारा. ग्रामपंचायतीत जाऊन या आणि बाकीची पडवी डोक्यातून काढून टाका.

राहिलं आगळ. ही चिठ्ठी मला सगळ्यात जास्त आवडली, कारण हिच्यात पैसा आहे आणि गिऱ्हाईक आधीच दारात उभं आहे. तिच्यात ‘बाटल्या’ आणि ‘लेबल’ असे दोन शब्द लिहिलेत, तेच तुम्हाला अडवतायत. बाटली कोणती घ्यावी, काचेची फुटेल का, लेबल कोण छापेल, यातच मन घुटमळतं. क्रम उलटा लावून बघा. लेबलवर काय काय छापावं लागतं? पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, किंमत, तुमचं नाव-पत्ता, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. हा क्रमांक हातात आल्याशिवाय लेबल छापता येत नाही. लेबलचा आकार ठरायला बाटली ठरावी लागते. बाटली ठरवायला घाई नाही, कारण भरायचं ते आगळ पुढच्या एप्रिल-मे मध्ये होणार. म्हणजे आत्ता, श्रावणात, करण्यासारखं एकच आहे, नोंदणी. पाहुण्यांना न्याहारी-जेवण देता म्हणजे ती तशीही हवीच, केलेली नसेल तर. फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर ती होते. स्वतः जमलं नाही तर शृंगारतळीला सेवा केंद्रात जाऊन करता येईल. मग वहीत काय लिहायचं? ‘आगळ’ नाही. ‘आधार, एक फोटो आणि घराच्या पत्त्याचा कागद पिशवीत घालून ठेवणे.’ हे पाचव्या मिनिटाला होतं आणि ते झालं की दुसरं आपोआप दिसतं.

वहीत चढवताना एकच कसोटी लावा. ओळ अशी हवी की ती वाचून तुमच्या मुलीला सांगितलं तर तिने विचारू नये, ‘म्हणजे नक्की काय करू?’

आता बाटल्यांचं काय? त्या विसरल्या तर एप्रिलमध्ये झाडाखाली रातांबे आणि घरात त्याच जुन्या बाटल्या, असं व्हायचं. मला या सगळ्यात सांगायची खरी गोष्ट इथे आहे. या पद्धतीत ‘कधीतरी, बहुतेक’ अशी एक यादी ठेवायला सांगतात. शहरातल्या नोकरदारांना ती ठीक असेल. आपल्याकडे ‘कधीतरी’ नावाचा महिना नाही. कोकणात प्रत्येक कामाचा हंगाम ठरलेला आहे आणि बहुतेक कल्पना त्या हंगामाला बांधलेल्या असतात. त्या चुकीच्या महिन्यात सुचतात, एवढाच त्यांचा दोष. रातांबे पडायला लागले की आगळाच्या बाटल्या आठवतात, आणि तेव्हा तर पाणी प्यायला वेळ नसतो.

म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात बारा महिन्यांची बारा पानं करा. अ‍ॅलन यांच्या पद्धतीतही 31 दिवसांची आणि 12 महिन्यांची मिळून 43 पाकिटं ठेवायची एक युक्ती आहे. तुम्हाला त्यातले बारा महिने पुरेत. कल्पना सुचली की तिचा महिना विचारा आणि त्या पानावर टाका. बाटल्या फेब्रुवारीच्या पानावर, ‘चिपळूणला जाऊन दोन-तीन तऱ्हेच्या बाटल्या आणि भाव बघणे’. ते मार्चवर ढकलू नका, कारण मार्चपासून मुलांच्या परीक्षा, मग उन्हाळ्याचं बुकिंग आणि आंबा. पडवी नोव्हेंबरच्या पानावर. होडीची चौकशी आत्ता करा, पण फेऱ्या ऑक्टोबरच्या पानावर, पावसाळा सरल्यावर. मेच्या पानावर मी तर एकच ओळ लिहीन, ‘नवीन काही काढायचं नाही’. घर पाहुण्यांनी आणि मुंबईकरांनी भरलेलं, रातांबे फोडून मिठात घालायचे, सोलांना पुटं द्यायची, वळवाचा पाऊस कधी येईल नेम नाही. मिस्टर म्हणाले ते पावसात कुजणं रातांब्यांच्या बाबतीत खरं आहे, आणि ते थांबवायला त्या महिन्यात तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. मे महिन्यात जे सुचेल ते सरळ जुलैच्या पानावर. जुलैत पाहुणे नसतात, लाइट नसते, वेळ मात्र असतो.

महिना उजाडला की त्या महिन्याचं पान उघडायचं. विसरायला होईल असं वाटत असेल तर कालनिर्णयवर प्रत्येक एक तारखेच्या चौकटीत ‘वही’ एवढं लिहून ठेवा. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ते सुरू केलं, आणि तेव्हापासून आपल्या बायका त्या चौकटींत दूध, गॅस आणि धोब्याचा हिशेब ठेवत आल्या आहेत. इतकी वर्षं ज्यावर घरं चालली, त्याला कमी लेखू नका.

आणखी एक पान करा, ‘रत्नागिरीला गेल्यावर’. तवसाळहून फेरीबोट पकडायची, जयगडला उतरून पुढे गाडी. एक फेरी म्हणजे दिवस गेला. तिथे करायच्या गोष्टी चार महिन्यांच्या पानांत विखुरल्या तर एक विसरून याल, हे नक्की. बँक, डॉक्टर, छापखाना, सगळं त्या एका पानावर. शृंगारतळीचं तसंच एक पान. निघताना फोटो काढून न्या, वही पावसात कशाला भिजवायची?

टिपायचं कुठे, हा प्रश्न उरतो. तुम्हाला मासे साफ करताना सुचतं. तेव्हा फोन हातात धरता येत नाही, आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवलेलं आपण कधी ऐकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच निरोप पाठवायची सोय 2022 च्या शेवटी आली, ती चांगली आहे, फेरीबोटीत वापरा. स्वयंपाकघरात मात्र मुलांची जुनी पाटी खिळ्याला टांगा आणि शेजारी पेन्सिल. ओल्या हातानेही लिहिता येतं. तिचा मोठा फायदा म्हणजे ती लहान असते. चार-पाच ओळींत भरते. भरली की पुसावी लागते आणि पुसण्याआधी ठरवावं लागतं, हे वहीत घ्यायचं की जाऊ द्यायचं. सासूबाई म्हणतील, हे काय नवीन खूळ? म्हणू देत. आठ दिवसांत त्याच पाटीवर त्या ‘हिंग संपला’ लिहायला लागतील. तेही चालेल, फक्त किराणा पाटीच्या खालच्या बाजूला.

टिपायच्या जागा दोनच, पाटी आणि फोनमधला स्वतःचा निरोप. बिलांच्या मागे लिहिणं बंद.

हे सगळं घेऊन आठवड्यातून एकदा बसायचं आहे, त्याला वेळ कुठली? रविवार नको, पाहुणे निघायचा दिवस. मला तुमच्या घरात सोमवारची दुपार दिसते. शनिवार-रविवारचे पाहुणे गेलेले, सोमवार म्हणून घरात मासे नाहीत, स्वयंपाक लवकर आवरलेला. अर्धा तास. पाटी आणि फोन वहीत उतरवायचे, ‘वाट बघतेय’ पानावरच्या तारखा बघायच्या, चालू महिन्याचं पान वाचायचं आणि त्यातली आठवड्याला तीन कामं निवडायची. तीनच. चौथं निवडलंत तर चारही राहतील. एखादा सोमवार चुकला तर मंगळवारी भरून काढू नका, पुढच्या सोमवारी बसा. चुकलेल्याचा हिशेब ठेवायला लागलो की वहीच उघडावीशी वाटत नाही.

पहिल्या सोमवारी अर्धा तास पुरणार नाही, दोन वर्षांचं साठलेलं आहे. दोन तास काढा आणि मिस्टरांची सुट्टी असेल असा सोमवार बघा. त्यांना शेजारी बसवा. चिठ्ठ्या तुम्ही वाचा, महिना त्यांना सांगू दे. रातांब्यांची उपमा देणाऱ्या माणसाला झाडाखालचं वेचायलाही लावायला हवं, आणि पडवीचं बोलणं तिथेच निघेल.

आणि अ‍ॅपचे पैसे? नका भरू. अ‍ॅप वाईट नाही, भाच्याची कामं संगणकावरच चालतात, त्याला ते सोयीचं. तुमच्यासाठी ते पाचवं ठिकाण होईल, आणि त्यात रंग, खुणा, कप्पे लावत बसण्यातच दुपार जाते. काम केल्यासारखं वाटतं, होत काही नाही. त्याचं मन मोडायचं नसेल तर त्याच्याकडून फोनमधलं साधं कॅलेंडर शिकून घ्या, ते फुकट आहे. ज्याला पक्की तारीख आहे तेवढंच त्यात टाका, घंटा वाजेल असं: मुलांची फी, पाहुण्यांनी आगाऊ केलेलं बुकिंग. गणपतीला तो येणार असेल तर बाटल्यांच्या लेबलचा कच्चा आराखडा त्याच्याकडून करून घ्या. क्रमांकाची जागा तेवढी मोकळी सोडायला सांगा.